तणसाच्या गठ्ठ्यावरची भाजी कोणाच्या ताटात?

आमच्या विहाराच्या उजव्या भिंतीला लागून अठरा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी फरशीची एक पट्टी आहे. पूर्वी तिथे मंडपाचे बांबू, फाटक्या सतरंज्या आणि जयंतीच्या मिरवणुकीतला मोडका देखावा पडलेला असायचा. गेले दोन हिवाळे तिथे मेथी, पालक, माठ आणि थोडे टमाटर निघत आहेत. फरशीवर विटा, विटांवर धानाच्या तणसाचे पाच गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांतच भाजी. पाहायला येणारे आधी वाकून गठ्ठ्याखाली पाहतात आणि विचारतात, "माती कुठे आहे?" मग विचारतात, "आम्हाला घरी करता येईल का?" या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर देतो त्याने पुष्कळ जण नाराज होतात. आम्ही म्हणतो, घरी करू नका, विहारात करा. असे का म्हणतो ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी मातीचे सांगतो. आमची वस्ती उत्तर नागपुरात, नाल्याच्या काठाला आहे. वस्तीत माती नाही असे नाही, पण आहे ती नाल्याची. पावसाळ्यात नाला घरात शिरतो आणि ओसरताना काळा गाळ ठेवून जातो. त्या गाळात मैला असतो, जंतांची अंडी असतात. वरच्या अंगाला भंगारात बॅटऱ्या फोडल्या जातात, त्यांचे शिसे असते. जंतू शिजवल्याने मरतात, पण शिसे ना धुऊन जात ना शिजवून. लहान लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करते. म्हणून नाल्याच्या काठी लावलेली हिरवीगार भाजी पाहून आम्हाला आनंद होत नाही. बाजारातली भाजी तरी कुठल्या पाण्यावर वाढली हे कोण सांगणार? पण निदान दारातली तरी स्वच्छ जागेवरची असावी.

आमच्या आज्या गावात होत्या तेव्हा पावसाळ्यात तरोटा, घोळ, पाथरी अशी रानभाजी खुडून आणत. विकत घ्यायला पैसा नव्हता आणि लावायला जमीन नव्हती. दुसऱ्याच्या बांधावरचा तरोटा फुकट मिळे हे खरे, पण त्याबरोबर कधी कधी शिवीही मिळे. मग माणसे एम्प्रेस मिल, मॉडेल मिलच्या कामावर शहरात आली आणि पोटापुरता पैसा हाती आला. तरोटा मात्र गावातच राहिला. त्या जागी आला बटाटा, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नुसते तिखट-मीठ. आज आमच्या वस्तीत चहा-टोस्ट खाऊन शाळेत जाणाऱ्या मुली घरोघरी आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिला रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला आहे. पाच वर्षांखालील बालकांत तर जवळजवळ ६९ टक्के. हा आकडा सगळ्या महाराष्ट्राचा आहे, श्रीमंतांच्या सोसायट्याही त्यात आल्या. आपल्या वस्त्यांचा वेगळा आकडा काढला तर काय निघेल, हे प्रत्येकीने आपल्या घरातल्या बायांच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या पाहून ठरवावे.

आता गठ्ठ्याविषयी. तणसात भाजी वाढवण्याची ही रीत अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील जोएल कार्स्टन यांनी पुस्तक लिहून लोकांपर्यंत नेली. तिकडे गव्हाचा पेंढा वापरतात. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, आणि नागपूर जिल्ह्यातही मौदा-रामटेकच्या बाजूला धान पिकते, म्हणून तणस मिळते. यंत्राने बांधलेला गठ्ठा साधारण ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असतो. कोरडा १५-२० किलो भरतो. एकदा भिजला की दोघांनाही हलत नाही, म्हणून भिजवण्याआधीच जागा पक्की करावी. यंत्राचा गठ्ठा मिळाला नाही तर सुटे तणस चुंगडीत पायाने दाबून दाबून भरावे, तोंड सुतळीने शिवावे आणि चुंगडी आडवी ठेवावी. वरच्या बाजूला कापून जागा करावी आणि खालून पाणी निघून जावे म्हणून भोके पाडावीत. तणस सैल भरले तर पाणी खालून पळते आणि काही उगवत नाही. आमची एक चुंगडी अशीच फुकट गेली.

तणस ही माती नव्हे, आणि आमची पहिली चूक तिथेच झाली. पहिल्या वर्षी आम्ही दोन गठ्ठे आणले, पाणी मारले आणि तिसऱ्या दिवशी टमाटरची रोपे खोचून मोकळ्या झालो. आठवड्यात पाने पिवळी पडली. कोणी म्हणाले नजर लागली. नजर वगैरे काही नाही. तणस कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना नायट्रोजन लागतो आणि तणसात तो फार थोडा असतो. मग ते रोपाच्या वाट्याचा नायट्रोजन खाऊन टाकतात. म्हणून लावणीआधी त्यांना खाऊ घालायचे असते. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी प्रत्येक गठ्ठ्यावर ८० ते १०० ग्रॅम युरिया पसरून वरून सावकाश पाणी घालायचे. मधल्या दिवशी नुसते पाणी. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी युरिया निम्मा. दहाव्या दिवशी मूठभर मिश्र खत, म्हणजे स्फुरद आणि पालाशही मिळते. एका गठ्ठ्याला एकूण ४०० ग्रॅमच्या आसपास युरिया लागतो.

इथे एक विषय निघतोच. काही मंडळी सांगतात की युरिया नको, देशी गाईचे शेण-गोमूत्रच पाहिजे, त्यात काही वेगळी शक्ती असते. शेणखत चांगलेच आहे, मिळाले तर जरूर वापरा, फक्त त्याने गठ्ठा तयार व्हायला जास्त दिवस लागतात. पण शेणातला नायट्रोजन पवित्र आणि चुंगडीतला अपवित्र असे तणसातल्या जीवांना कळत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले ते इथेही लागू आहे. एका गठ्ठ्यावर हे, दुसऱ्यावर ते करून पाहा आणि जे दिसेल ते माना.

दुसरी चूक घाईची. युरिया घातल्यावर गठ्ठा आतून तापतो. हात खुपसला तर चटका बसावा इतका, ५० अंशांच्या वर. आम्ही सहाव्या दिवशी मेथी पेरली आणि ती आतल्या आत शिजली. बारा-पंधरा दिवसांनी हात घालून पाहावे, अंगाइतके कोमट लागले की लावणी करावी. मागच्या वर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन करून आम्ही गठ्ठ्यांपाशी आलो तेव्हा ते अजून गरमच होते. सगळ्यांना पेरायची घाई, पण या वेळी थांबलो. रोप लावायचे तर खुरपीने भोक पाडून त्यात मूठभर शेणखत घालायचे. बी पेरायचे तर गठ्ठ्यावर दोन इंच जाडीचा स्वच्छ माती आणि खताचा थर द्यायचा. मेथी महिन्याभरात खुडायला येते, पालक थोडा उशिरा, पण तो कापला तरी पुन्हा फुटतो.

आणखी काही गोष्टी आम्ही ठेच लागून शिकलो. जनावरांना तणस म्हणजे चारा. मोकाट गाय गठ्ठा खाते, बकरी भाजी खाते. युरिया मारलेला गठ्ठा जनावराच्या पोटात गेला तर ते मरू शकते. एकदा शेजारच्या बाईची बकरी गठ्ठ्याला तोंड लावून गेली. त्या रात्री ती बाई आणि आम्ही, कोणीच झोपलो नाही. बकरी वाचली, पण त्यानंतर बांबू आणि जुन्या साड्यांचे कुंपण घातले. युरियाचा डबा लेकरांच्या हाती लागणार नाही असा कुलपात. कोरडे तणस विजेच्या तारांपासून आणि पौर्णिमेच्या मेणबत्त्यांपासून लांब. पहिल्या आठवड्यात उग्र वास येतो, तेव्हा दम्याचा रुग्ण शेजारी असेल तर त्याच्या खिडकीखाली गठ्ठे ठेवू नयेत. शेतात तणनाशक मारलेले असेल तर त्याचा अंश तणसात उरतो. म्हणून मूठभर तणस भिजवून एका डब्यात त्यावर चार मेथीदाणे आधी उगवून पाहावेत. रोपे वाकडीतिकडी झाली तर ते तणस घेऊ नये.

आणि छत्र्या. गठ्ठ्यावर करड्या रंगाच्या छत्र्या भराभर उगवतात. आमच्यातल्या भंडाऱ्याकडच्या एका आजीने "अगं, या तर सात्या!" म्हणून ओटीत भरून घेतल्या. सात्या वारुळावर येतात, तणसाच्या गठ्ठ्यावर नाही. त्या सगळ्या उपटून फेकल्या. आजी दोन दिवस रुसली, पण गठ्ठ्यावरची छत्री कोणीही खाऊ नये.

आता हिशेब. भाजीच्या बागेचे गोडवे गाणारे हा हिशेब कधी देत नाहीत. एका गठ्ठ्याची वरची जागा जेमतेम साडेचार चौरस फूट. त्यातून एका कापणीला अर्धा किलो पालेभाजी निघाली तर खूप झाले. हिवाळाभरात चार-पाच कापण्या म्हणजे दोन-अडीच किलो. बाईने रोज १०० ग्रॅम पालेभाजी खावी असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे. म्हणजे एक गठ्ठा एका बाईलासुद्धा महिनाभर पुरत नाही! घरी एक गठ्ठा ठेवून पाच जणांच्या कुटुंबाचे पोषण होईल असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे.

हेच पाच गठ्ठे एकत्र केले तर? अकरा-बारा किलो. म्हणजे १०० ग्रॅमच्या १२० जुड्या. पाच गरोदर बायांना आठवड्यातून दोनदा, तीन महिने. हा हिशेब आम्ही वहीत मांडला तेव्हा कळले की ही बाग घरोघर वाटून टाकली तर कोणाच्याच अंगी लागणार नाही, आणि विहारात ठेवली तर पाच जणींच्या तरी लागेल. घरी करू नका असे आम्ही म्हणतो ते म्हणून. ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे, पाणी आहे, त्यांनी हौसेने जरूर करावे. आम्ही बोलतो आहोत ते दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांविषयी, ज्यांच्या दारात सहा तास ऊन पडत नाही आणि ज्यांच्या ओट्यावर आधीच पाण्याचे ड्रम, गॅसची टाकी आणि सासूबाईंची खाट आहे.

विहारात भाजी लावायला विरोध झाला नाही असे नाही. "विहार वंदनेसाठी आहे की शेतीसाठी?" असे दोन ज्येष्ठ उपासकांनी बैठकीत विचारले. प्रश्न रास्त होता, कारण उद्या त्याच जागेवर कोणी आपली दुचाकी लावायला मागेल. आम्ही एवढेच सांगितले की १९४२ च्या जुलैमध्ये याच नागपुरात दलित महिलांची जी परिषद भरली, तिथे हजारोंच्या संख्येने आलेल्या आपल्या आज्यांना बाबासाहेबांनी स्वच्छतेविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी सांगितले, घरातल्या रोजच्या गोष्टींविषयी सांगितले. बाईच्या शरीरातले रक्त हा त्या यादीबाहेरचा विषय नव्हे. शेवटी ठरले ते असे: जागा विहाराची, गठ्ठे महिला मंडळाचे, आणि जयंतीला जागा मोकळी करून द्यायची. एप्रिलमध्ये नागपूरच्या उन्हात गठ्ठ्यावर तसेही काही टिकत नाही, त्यामुळे ही अट आम्ही आनंदाने मान्य केली. उरलेले कुजके तणस चांगले खत होते. ते आम्ही विहारासमोरच्या पिंपळाला आणि कुंड्यांना घातले.

खरे भांडण झाले ते पहिल्या मेथीवर. वीस-पंचवीस घरांनी वर्गणी दिली होती आणि मेथीच्या जुड्या निघाल्या नऊ. "आम्ही पैसे दिले, आम्हाला का नाही?" असे काही जणींनी तोंडावर विचारले. एकीने तर वर्गणी परत मागितली आणि आम्ही ती परत केली. मग भिंतीवर क्रम लिहून लावला. आधी गरोदर बाई, मग अंगावर पाजणारी, मग क्षयरोगाचे औषध चालू असलेले, मग मासिक पाळी सुरू झालेल्या मुली. वर्गणी देणारे या यादीत कुठेच नाहीत, ती वर्गणी दान म्हणून. हे सगळ्यांना पटले असे आजही म्हणवत नाही. आम्हाला मात्र पटलेले आहे. ज्याने दिले त्यालाच परत मिळाले तर ते दान कसले, ती भिशी झाली.

आणि पाणी कोणी घालायचे? आमचे सगळ्यात आग्रहाचे म्हणणे याच बाबतीत आहे. पाच गठ्ठ्यांना थंडीत रोज दोन बादल्या पाणी लागते, फेब्रुवारी संपता संपता चार. एक दिवस चुकला तर गठ्ठा वरून वाळतो आणि मग पाणी पीत नाही. आमच्या वस्तीत नळ पहाटे साडेचारला येतो, तासभर असतो. त्या तासात रांगेत कोण उभे असते? बाया आणि पोरी. पहिल्या वर्षी गठ्ठ्यांचे पाणीही त्यांनीच भरले. म्हणजे ज्या बाईच्या अंगात रक्त नाही म्हणून भाजी लावली, तिनेच त्या भाजीसाठी दोन बादल्या जास्त उचलायच्या! हे आमच्या लक्षात यायला एक हिवाळा गेला, हे सांगताना लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी आम्ही अट घातली की पाणी पुरुष घालतील, नाहीतर गठ्ठे आणायचेच नाहीत. सात वार, सात घरे, त्या घरातला कर्ता पुरुष किंवा मोठा मुलगा. पहिल्या आठवड्यात सोमवार आणि गुरुवार कोरडे गेले. आम्ही गेलो नाही. रोपे माना टाकून उभी होती, तरी गेलो नाही. रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी ती रोपे पाहिली, कोणी काही बोलले नाही, पण पुढचा सोमवार कोरडा गेला नाही. आता एक रिक्षाचालक बांधव तांदूळ-डाळ धुतलेले पाणी गल्लीतून गोळा करून आणतात. ते चालते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नये. एक सावधगिरी: बागेसाठी म्हणून विहाराजवळ उघडा ड्रम भरून ठेवू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. आठवड्यातून एकदा ड्रम घासून कोरडा करा आणि झाकण ठेवा.

भाजी खाल्ली म्हणजे रक्त वाढले असे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पाल्यातले लोह शरीर फार थोडे शोषून घेते. बरोबर लिंबू पिळले तर जास्त घेते, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. आपल्या घरात जेवण आणि चहा यांत तासाचे अंतर ठेवले तरी फरक पडेल. कलेजी, अंडी, सुकट हे ज्यांच्या घरात चालते त्यांनी ते संकोच न करता खावे. कलेजी-सुकटीतले लोह अंगी चांगले लागते. तपासणीत हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्या घ्याव्यात, मळमळते म्हणून नालीत टाकू नयेत. मेथीची जुडी गोळीच्या जागी येत नाही.

मात्र गोळी सुरू करण्याआधी विदर्भातल्या आपल्या समाजाने एक तपासणी करायलाच हवी, ती सिकलसेलची. आमच्या वारांच्या यादीत एका घराची पाळी दहावीतली मुलगी भावाबरोबर करत असे. बादली अर्ध्यावर ठेवून बसायची. घरचे म्हणत आळशी आहे, अभ्यासाचे ढोंग करते. आम्हीही मनातल्या मनात तेच म्हटले असेल. भाजीच्या यादीसाठी आम्ही सगळ्या मुलींची रक्ततपासणी करवली तेव्हा तिचे हिमोग्लोबिन ७ निघाले, आणि पुढे मोठ्या सरकारी दवाखान्यात सिकलसेल निघाला. लहानपणापासून तिचे हातपाय दुखत होते, ते "वाढीचे दुखणे" म्हणून सोडून दिलेले. आता तिला नियमित औषध चालू आहे. त्या औषधाच्या नावात, हायड्रॉक्सियुरियात, युरिया आहे म्हणून तिची आजी घाबरली होती. ते औषध म्हणजे खताचा युरिया नव्हे.

आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही, म्हणून त्याला कळतच नाही. आधी साधी चाचणी होते, त्यात शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. लग्न जुळवताना आपण पोटजात विचारत नाही असे अभिमानाने सांगतो. तसेच रक्ताचे कार्ड विचारण्याचीही रीत पाडली पाहिजे. मेथीने त्या मुलीचा आजार बरा होणार नव्हता आणि झालाही नाही. पण मेथीच्या यादीमुळे ती सुईपर्यंत पोहोचली. पाच गठ्ठ्यांचा आम्हाला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच.

मागच्या वर्षी एक पाहुणे बाग पाहायला आले. भले गृहस्थ, कुठल्याशा योजनेवर काम करणारे. फोटो काढले, कौतुक केले आणि जाताना म्हणाले, "बघा, मनात आणले तर गरिबालाही पोषण अवघड नाही. जमीन नाही ही तक्रारच राहत नाही." आम्ही त्यांना चहा दिला, पण हे बोलणे गळ्याखाली उतरले नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह झाला, तेव्हा आपली माणसे लाखांनी तुरुंगात गेली. ती तणसाचा गठ्ठा मागायला गेली नव्हती. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. आज आमच्या वस्तीला राहत्या घराखालच्या जागेचा मालकी पट्टा मिळावा म्हणून अर्ज पडून आहेत. गठ्ठ्यावरची बाग आम्हाला जमली याचे एक कारण हेही आहे की ती उचलता येते. पाया नाही, खड्डा नाही, त्यामुळे उद्या कोणी अतिक्रमण म्हणून उभे राहिले तर तिच्यावर काही चालवता येणार नाही. ही तिची सोय आहे. पण ज्यांना उचलून न्यावी लागणारी बाग लावावी लागते त्यांच्याकडे पाहून जमिनीचा प्रश्न सुटला असे म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. रेशनवर डाळ, अंगणवाडीतला आहार नीट, बाईच्या मजुरीला पुरुषाइतका दर आणि पायाखालची जागा आपल्या नावावर, या मागण्या आहेत तिथेच आहेत. मेथी खाऊनच त्या मागायच्या आहेत.

या वर्षी तणसाचे आम्ही आधीच बोलून ठेवले आहे. मागच्या वेळी तणसापेक्षा टेम्पोचे भाडे जास्त झाले, म्हणून यंदा शेजारच्या दोन वस्त्यांच्या विहारांनी मिळून एकच गाडी आणायची आहे. त्यांना पाच-पाच, आम्हाला सात, कारण यंदा यादीत गरोदर बाया सात आहेत. धान निघाले की गाडी येईल, बहुधा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. गठ्ठे कोरडे असतानाच उतरवून जागेवर लावायचे आहेत. सकाळी सात वाजता चार पुरुष लागतील. वारांच्या यादीत बुधवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.